निवेदक क्रमांक चौदा

१५ जून १९७७, बुधवार. सकाळी अकरा.

आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या रोजनिश्या पुढे लोक छापतात. ही छापायची नाही, त्यामुळे हिच्यात खरं लिहायला हरकत नाही.

एम.ए. झालो. सेकंड क्लास, पण वरचा. आता पीएच.डी. विषय: दक्षिण सोलापूरची ग्रामीण बोली. कलशेट्टी सर म्हणाले, विषय बरा आहे, फक्त माणसं ऐकावी लागतील. ऐकू की.

फेलोशिप एकच. उमेदवार दोन, मी आणि रुद्राणी बिराजदार. डिसेंबरात सर दोघांचं काम ऐकणार आणि एकाचं नाव वर पाठवणार. रुद्राणी अक्कलकोटकडची, घरात कन्नड, दोन वर्षांत वर्गात चार वाक्यं बोलली असेल. म्हणजे स्पर्धा अशी नाहीच.

आण्णांचं मात्र वेगळं. अठ्ठावीस वर्षं होटगी जंक्शनला रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकतायत, त्यामुळे जगात दुसरी नोकरी आहे हेच त्यांना पटत नाही. म्हणाले, गँगमधी जागा निघाल्यात, अर्ज एकतीस डिशेंबरपत्तुर, वय पंचविसाच्या आत पायजे. मी जानेवारीत पंचवीस पुरी करतो. ठरलं असं की डिसेंबरात फेलोशिप मिळाली नाही तर अर्ज भरायचा. मी लगेच कबूल केलं. जे होणारच नाही ते कबूल करायला काय जातं?

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज वीस कार्डं भरणे. चहा दोनदाच. आणि मुख्य म्हणजे माझ्या तोंडून एकही गावठी शब्द निघता कामा नये. डॉक्टरला पेशंटचाच रोग असून कसं चालेल? सहीसुद्धा आजपासून 'ज्योतिराम ननवरे'. दाखल्यावर जोतीराम आहे, पण ती मास्तरांची चूक.

१६ जून.

उठलो साडेसातला. पाचचा गजर झाला होता, असं खोलीच्या मालकीणबाई गोजाबाई म्हणतात. सगळी गल्ली उठली म्हणे, तुमीच तेवढं न्हाय.

नवी पेठेत कार्डं घ्यायला गेलो. हजार पांढरी कार्डं म्हटल्यावर दुकानदारानं विचारलं, लग्न कुणाचं? म्हटलं, संशोधन आहे. तो म्हणाला, मग पातळ घ्या, जपून कोण ठेवणार. जाड घेतली. शिवाय कार्डांसाठी लाकडी पेटी, कुलूप-किल्लीसह. परत येताना हातात पेटी बघून तीन जणांनी नमस्कार केला.

चहा चार. उन्हाळा अजून संपलेला नाही.

३ जुलै, रविवार. होटगी.

घरी आलो. आई दारातच म्हणाली, लई वाळलास की रं, तितं जेवतूस का न्हाय? मी शांतपणे दुरुस्ती केली: "तिथं जेवतोस की नाही, असं म्हणावं." ती म्हणाली, मी हितं जेवते, तू तुजं सांग.

पुढे तासभर ती शेजारच्या म्हाळसाबाईशी ओट्यावर बोलत बसली होती. काय बोलत होत्या त्याकडे माझं लक्ष नव्हतं, कारण मी प्रश्नावलीचा आराखडा करत होतो. मध्ये दोनदा त्यांना हळू बोलायला सांगितलं.

एक शास्त्रीय निर्णय घेतला. ज्याच्या तोंडून बोली टिपायची त्या माणसाला आमच्या शास्त्रात निवेदक म्हणतात. निवेदक अस्सल हवा. होटगी जंक्शन आहे, चार दिशांच्या गाड्या येतात, इथली बोली इंजिनाच्या धुरानं खराब झालेली. सबब होटगी बाद. घर तर बादच.

७ ऑगस्ट, रविवार.

प्रश्नावली पूर्ण. तीनशे बारा प्रश्न. सर म्हणाले, पहिले तीनशे काढून टाक. सरांना विनोदबुद्धी आहे.

आज पहिलं फील्डवर्क. गावाचं नाव पेटीत नोंदवलं आहे. पांढरा शर्ट, टेरिकॉटची नवी पँट, काखेत पेटी. चावडीवर बसलो आणि पहिल्या पानावरची माहिती विचारायला लागलो. नाव, वय, लग्न झालंय का, मुलं किती. पहिल्या माणसानं 'तीन' सांगितलं, मी कार्डावर लिहिलं, तो पाणी आणतो म्हणून उठला तो आलाच नाही. दुसराही पाणी आणायला गेला. अर्ध्या तासात गावात एक पुरुष दिसेना. शेवटी गुरम्मा नावाची एक म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, गेल्या साली बी तुमच्यासारकाच एक पेटी घिऊन आलता, पोरं किती इचारून आप्रेशनला नेत हुता. आता सरकार बदललं न्हवं? जावा की मग घरी.

म्हणजे हा एकूण राष्ट्रीय परिस्थितीचा दोष. माझा नाही.

भरलेली कार्डं: एक. त्यावर 'तीन' असं लिहिलं आहे.

१४ ऑगस्ट.

दुसरं गाव. या वेळी सरपंचांना आधी पत्र टाकलं होतं. खुर्ची, टेबल, टेबलावर चादर, चहा. माणसं रांगेत उभी. मी विचारलं, "'मी शेतात जात आहे' हे तुमच्या बोलीत कसं म्हणाल?" पहिला माणूस दोन्ही हात जोडून म्हणाला, मी शेतात जात आहे. दुसरा म्हणाला, मी शेतात जात आहे, साहेब. तिसऱ्यानं 'क्षेत्र' शब्द वापरला.

अकरा माणसं, एकच उत्तर. हा फार मोठा शोध आहे. इथली ग्रामीण बोली मुळातच शुद्ध आहे. लोक उगाच म्हणतात.

१६ ऑगस्ट.

शोध सरांना सांगितला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग विचारलं, शर्ट कुठला घातला होतास? म्हटलं, हाच. ते म्हणाले, हं.

बाहेर रुद्राणी भेटली. तिला विचारलं, किती कार्डं झाली? तिच्याकडे कार्डंच नाहीत. शाळेची दोनशे पानी वही. मग प्रश्नावली? तीही नाही. मी म्हटलं, अगं मग विचारतेस काय? ती म्हणाली, मी विचारत नाही, आत्यासोबत भाकरी थापते. आत्या आणि तिच्या जावा बोलतात, मी रात्री आठवून लिहिते.

वाईट वाटलं. हुशार मुलगी, पण शास्त्र नाही. तिला माझी पेटी दाखवली. तिनं कुलूप उघड-बंद करून पाहिलं आणि छान आहे म्हणाली.

१२ सप्टेंबर.

पाऊस. फील्डवर्क अशक्य. पेटीत मुंग्या झाल्या होत्या, जाड कार्डं खातात असं दिसतं. या काळात प्रबंधाचा कठीण भाग उरकून टाकला, तो म्हणजे अर्पणपत्रिका. चार वेळा लिहिली. 'ज्यांच्या जिभेवर ही बोली नांदते त्या अज्ञात मुखांना.' यात आईचं नाव घालावं का? नको. ती विचारेल, अज्ञात म्हंजे काय.

रुद्राणीच्या तीन वह्या भरल्या म्हणे. वजनावर पीएच.डी. मिळत नाही.

१८ ऑक्टोबर.

विभागाचा टेपरेकॉर्डर सही करून घेतला. चामड्याचं कव्हर, चार सेल, आणि माइक वायरीचा. आता मागं वळून पाहणं नाही. मशीन नीट चालतं का ते पाहण्यासाठी खोलीत स्वतःचं भाषण रेकॉर्ड केलं. 'बोली आणि आपण', पंचवीस मिनिटं. परत ऐकलं. परत ऐकलं. आवाजात वजन आहे. गोजाबाई भिंतीवर थापा मारत होत्या, तेही आलं आहे.

सेल संपले. नवे आणायचे.

२० नोव्हेंबर, रविवार.

अस्सल निवेदकाचा पत्ता लागला. सांगोल्याकडचा सिदू नावाचा मेंढपाळ. बारा महिने मेंढरांमागं, शाळा पाहिलेली नाही, वर्तमानपत्र नाही, रेडिओ नाही. हेच हवं होतं. तीन एसट्या बदलल्या, शेवटी चार मैल चाललो. टेप एका खांद्याला, पेटी दुसऱ्या.

सिदू घरी नव्हता. त्याची आई मायाक्का होती. तिनं ताक दिलं आणि म्हणाली, त्यो कवाच गेला की मेंढरं घिऊन. दरसाल पावसाळा सरला की खाली जातूया, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायला. रानाला खत हुतंय, आमाला ज्वारी मिळती. मी विचारलं, सध्या कुठं? ती म्हणाली, होटगीला. ननवऱ्याचं रान हाय न्हवं, हिंदुरावाचं. त्याची बायको लई चांगली हाय बगा, बजाबाई. तुमी वळखता?

ऐकलंय, म्हणालो.

परतीची एसटी नऊ वाजता. पंक्चर.

११ डिसेंबर, रविवार. होटगी.

सरांनी वीस तारीख दिली आहे. आज काहीही करून काम फत्ते करायचं होतं, आणि झालंही. किरकोळ तपशील सोडला तर.

आमच्या वरच्या रानात सिदू, त्याची मेंढरं, त्याचं कुत्रं. आई माझ्यासोबत आली, नको म्हटलं तरी. तिनं सिदूला आधीच सांगून ठेवलं होतं, माजा ल्योक मोटा सायेब हुनार हाय, तवा नीट बोल. मी टेप मेंढरांपासून दूर एका धोंड्यावर ठेवला, बटण दाबलं आणि विचारलं, दिनक्रम सांगा. सिदू ताठ बसला, पटका सारखा केला आणि म्हणाला, मी सकाळी उठत असतो. नंतर मी मेंढ्या चारित असतो. मेंढी हा उपयुक्त प्राणी आहे. आईनं मान डोलावली.

चाळीस मिनिटं असं स्वच्छ, सुस्पष्ट निवेदन. प्रश्नावलीचे अठ्ठेचाळीस प्रश्न झाले. एकोणपन्नासावा संख्यावाचक: "तुमच्या मेंढ्या किती?" सिदू म्हणाला, हायती की देवाच्या. म्हटलं, आकडा सांगा. तो म्हणाला, हायती. पुन्हा विचारलं तर कुत्र्याकडे बघायला लागला.

इथं मला वाटलं, या बोलीत मोठ्या संख्यांना शब्द नसावेत. हा आणखी एक शोध. खात्रीसाठी मी उभा राहिलो, बोट पुढं केलं आणि मोठ्यानं मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. सिदू उठला. आई म्हणाली, आरं मेल्या. सातव्या मेंढीला कुत्रं आलं.

पुढचं शास्त्रीय महत्त्वाचं नाही.

सिदूनं कुत्र्याला हाक मारली, पण अंमळ उशिरा मारली असं माझं मत आहे. पँट गेली. मशीन धोंड्यावरून खाली पडलं होतं, उलटं. उलटं पडल्यावर ते आपोआप बंद होत असणार. जपानी आहे.

आई घरापर्यंत बोलत होती. मेंढरं कुनी मोजतं व्हय? बोट दावून मोजली की घटत्यात, दिष्ट लागती. धाकटा हुतास तवा ठावं हुतं की तुला, सिदूच्या बापाच्या खांद्यावर बसून हिंडायचास. सोलापुरात जाऊन इसरलास व्हय? एवढं बी शिकिवत न्हाईत कालिजात?

तिला सांगितलं, मी ते मुद्दाम विसरलो. पद्धतीचा भाग आहे.

१९ डिसेंबर.

उद्या. टेप तपासून पाहणार होतो, पण सेल संपले आणि दुकान बंद. गरजही नाही. सिदूचं निवेदन तोंडपाठ आहे.

तयारी: पांढरा शर्ट धुतला. दुसरी पँट. फेलोशिप मिळाल्यावर सरांना काय म्हणायचं ते लिहून काढलं. दीड पान. विनम्र आहे.

२० डिसेंबर, मंगळवार. दुपारी.

सरांच्या खोलीत तिघंच. आधी रुद्राणीनं वह्या वाचल्या. आत्या सुनेला काय म्हणते, कन्नडातून मराठीत कुठं येते, चुलीपुढं एक आणि पाहुण्यापुढं दुसरं कसं बोलते. सर दोनदा हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, घरोघरी असंच बोलतात.

मग माझा टेप. सिदू म्हणाला, मेंढी हा उपयुक्त प्राणी आहे. सर खिडकीबाहेर बघायला लागले. चाळीस मिनिटं फार सावकाश जातात हे मला माहीत नव्हतं. एकदा त्यांनी घड्याळ कानाला लावलं.

मग माझं मोजणं आलं. मी बटण बंद करायला उठलो. सर म्हणाले, राहू दे.

जपानी मशीन उलटं पडलं तरी चालूच राहतं.

टेपवर असं आहे. रुद्राणीनं जागेवरच उतरवून घेतलं, ते तिच्या वहीतून नकलतोय: "आये! धर की गं त्येला. नवी प्यांट हाय गं, टेरिकाट हाय. सिद्या, मुडद्या, हाक मार की तुज्या कुत्र्याला, आसा हुबा काय ऱ्हायलाईस खांबावानी. मोजत न्हाय, मोजत न्हाय बाबा, एक बी मोजली न्हाय म्या. आगं आये गं, वड की त्येला शेपटीला धरून. आण्णाला सांगू नगंस."

सर खुर्चीत पुढं सरकले. मागं घे म्हणाले. पुन्हा ऐकलं. पुन्हा. म्हणाले, सहा महिन्यांत या खोलीत आलेलं हे पहिलं जिवंत वाक्य. काय लय आहे, काय रेटा आहे बघा. या एका माणसाच्या तोंडात आख्खं होटगी आहे. कोण हा निवेदक?

मी म्हणालो, वाटेनं चालला होता कुणी.

सर म्हणाले, त्याला गाठ. त्याला सोडू नकोस.

रुद्राणी वहीत बघत होती. निघताना जिन्यात हळूच म्हणाली, जोतीराम, त्या माणसाला सांग, तो फार छान बोलतो. म्हटलं, कळवतो.

एकूण चांगलं झालं असं धरायला हरकत नाही. टेप माझाच होता ना.

२८ डिसेंबर.

सरांनी बोलावून सांगितलं. रुद्राणीचं नाव गेलं. म्हणाले, तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यात सगळं आहे, तू फक्त ते लपवत बसलास. चहा मागवला. मी प्यालो नाही. मग प्यालो.

कारणं: प्रश्नावली लांब. पाऊस. मुंग्या. सरकार. सेल. कुत्रं.

आण्णांना सांगायचंय.

३१ डिसेंबर, शनिवार. होटगी.

आण्णांनी ट्रंक उघडली. फॉर्म त्यांनी जूनमध्येच आणून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला होता, घडी सुद्धा न मोडता. म्हणजे माझ्यावर यांचा विश्वास किती ते कळलं. आई म्हणाली, न्हाय रं, रोज काडून बगायचं आन् म्हनायचं, ह्यो कोराच ऱ्हाऊ दे द्येवा.

भरला. सही जोतीराम. दाखल्याशी जुळावी लागते.

ही नोकरी तात्पुरती. फील्डच्या जवळ राहता येईल. पहाटे पाचला उठणे.

२२ मे १९७८.

पहाटे पाचला उठलो. गँगमध्ये उठावंच लागतं, नाहीतर मुकादम दारात येऊन आई-बापाचा उद्धार करतो. त्याच्या शिव्या एकदा लिहून काढायला हव्यात. कार्डांची पेटी आईनं शेवग्याच्या बियांसाठी घेतली. कुलपाची किल्ली हरवली, म्हणून बिया सध्या अडकल्या आहेत.

१७ डिसेंबर १९७८, रविवार. होटगी.

रुद्राणी आली होती. तोच टेप, तीच वायर. सरांनी पाठवलं. तिच्या प्रबंधात दक्षिणेकडच्या चौदा गावांचे चौदा निवेदक हवेत, तेरा झाले. म्हणाली, होटगीचा तो वाटेनं चाललेला माणूस सापडला का?

म्हटलं, बस.

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासूनच, म्हणाली. मग सरांना सांगितलं नाहीस ते? तर म्हणाली, ते तू सांगायचं होतंस.

मी आत जाऊन पांढरा शर्ट घातला. ओट्यावर सतरंजी टाकली. तिनं वही उघडली आणि विचारलं, नाव? ज्योतिराम म्हणालो. तिनं 'जोतीराम' लिहिलं. व्यवसाय? "संशोधक, सध्या रेल्वेत." तिनं 'गँगमन' लिहिलं. मग बटण दाबून म्हणाली, रोजचं काम सांग. मी घसा साफ केला. म्हणालो, मी सकाळी उठत असतो. नंतर मी रुळांची पाहणी करीत असतो. लोहमार्ग ही राष्ट्राची जीवनवाहिनी आहे.

रुद्राणीनं टेप थांबवला. वाट पाहिली. पुन्हा सुरू केला. मी पुन्हा म्हणालो, मी सकाळी उठत असतो. खरं सांगायचं तर मला दुसरं काही येईना. माइक समोर आला की सिदू जसा ताठ होत होता तसाच मी ताठ. तीनदा झालं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण तिनं घड्याळ पाहिलं, सरांसारखं.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं तिथूनच वाकून बघितलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि रुद्राणीला म्हणाली, बाय, आसं न्हाय बोलायचा त्यो. सिदूची मेंढरं वरच्या रानात बसल्यात. जाऊन कुत्रं घिऊन येऊ का?

रुद्राणी हसली. आई हसली. मी म्हणालो, आये, लई शानी हाईस की गं तू, बस गप भाकरी बडवत.

टेप चालूच होता. सेल संपेपर्यंत बोललो.